पूर्वेला किंचित जड

तिसऱ्या रात्रीही तारे लांबट आले,
ओल्या शाईचा शिक्का उचलताना हात हलला
की तारीख फरफटते, तसे.
हिवरधऱ्याच्या पोस्टात सतरा वर्षं
मी शिक्के मारतेय.
गोल कशाला म्हणतात ते मला विचारा.

(प्रकाश किती वर्षांनी इथे पोचला वगैरे
मी बोलत नाही. उशिरा आलेल्या टपालाचं कौतुक
बाहेरच्यांना.)

लॅपटॉपवर आलेख. विषुवांशाची तांबडी रेघ
झोप न लागलेल्या माणसासारखी,
या कुशीवरून त्या कुशीवर.
निळी तेवढी शहाणी.
कॅमेऱ्याने धरलेला गाइड तारा बिननावाचा,
मृगाच्या पायाशी कुठेतरी;
तो हलत नाहीये, एवढं मला माहीत होतं.

आधी वाऱ्याला बोल लावला. वारा नव्हता,
तुरीचं पान हलत नव्हतं.
मग ध्रुवावर घसरले.
आमच्याकडे ध्रुव बुटका, वीस-एकवीस अंशांवर,
जिनिंगच्या पत्र्याला टेकल्यासारखा,
त्यात सरकीची धूळ.
मान अवघडेपर्यंत त्याला पुन्हा नेमका धरला.
रेघेला काही नाही त्याचं.
स्टूलखाली अडकलेली केबल सोडवली.
तिलाही काही नाही.

दहाला थ्री-फेज आली.
शिवारभर मोटारी एकदम घुमायला लागल्या
आणि मी म्हटलं, सापडलं! स्लॅब थरथरतोय.
स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन तिपाईजवळ ठेवलं.
पाणी गप्प.
वाटीसाठी झाकण आणायला उठले, तर
पाण्यावर वर्तुळं.
मोटारी नव्हत्याच. मी होते.
तीन रात्री काळजीने येरझारा घालणारी,
पावलागणिक तारा फरफटवणारी.

चपला काढून चटईवर बसले.
रेघेची टोकं बोथटली,
कूस बदलणं मात्र सुरूच.

तेवढ्यात जिन्यात रुपराव भोयर,
हातात मोठा पाना.
गच्चीवर लाल उजेड पाहून
चोर धरायला आला होता.
दिवसभर पंपाच्या मोटारी भरतो,
बोटांना वॉर्निशचा वास.
काही न विचारता त्याने माउंटला कान लावला,
वजनाचा दांडा दोन बोटांत धरून
हलकेच हलवला.
टिक.
"ऐकलं का बाई? दातात ढिल हाये."

पण तोल तर अगदी बरोबर आहे, मी म्हटलं,
पोस्टाचा काटा आणून ग्रॅम-ग्रॅम जुळवलाय,
सोडला तर कुठेही झुकत नाही.
"तेच तं चुकलं.
झुकत नाही म्हून गिअरले कळत नाही
कोणत्या आंगाले टेकावं.
बराबर करूच नोका.
थोडसं जड ठेवा एकीकडं,
दात दाताले लागून रायते."

कोणीकडे, ते मला कळलं.
मृग अजून पूर्वेला, नळी पश्चिमेला,
म्हणजे दांडा पूर्वेकडे.
रुपरावने खिशातून पितळी नट काढला,
मी पार्सलची सुतळी.
दांड्याच्या टोकाला बांधून दोघंही
श्वास धरून बसलो,
पाहुण्यांसमोर मुलगा पाढे म्हणतो
तेव्हा घरचे बसतात तसे.

रेघ एकदा उसळली.
मग उतरली,
आणि उतरलेलीच राहिली.

पाच मिनिटांचं पहिलं चित्र आलं.
मोठं करून पाहिलं, आणखी मोठं,
कोपऱ्यातला अगदी बारका तारासुद्धा
गोल.
तेजोमेघाकडे माझं लक्षच गेलं नाही.
रुपराव म्हणाला, "एवढंच दिसते काय?"
म्हटलं, एवढंच.
तो जांभई देत उतरला, अर्ध्या जिन्यातून ओरडला,
"नट माहा आठवणीनं द्या सकाऊन,
पोहनकरच्या मोटारचा हाये."

सकाळी काटा पोस्टात परत ठेवला.
सवयीने पाहिलं, काटा शून्यावर आहे का.
होता.
त्याला तिथेच राहू दिलं,
आणि पहिलं पाकीट तोलायला घेतलं.